उन्हाची खोली

शिलाई मशीन दारातून बाहेर येईना.

दादानं आधी ती सरळ ओढून पाहिली, मग आडवी करून, मग खालच्या टेबलाचे पाय पुढं काढून. मामा पलीकडून सूचना देत होते, "जरा डावीकडं घे... अरे तुझ्या नव्हे, माझ्या डावीकडं." शेवटी मशीन चौकटीत अशी रुतून बसली की आतल्यांना बाहेर येता येईना आणि बाहेरच्यांना आत जाता येईना. आत ठकू आणि वहिनी, बाहेर दादा, मामा आणि आई.

"मग ही आत आली कशी होती?" मामांनी कपाळ पुसत विचारलं.

"दार काढलं होतं," आतून ठकू हळूच म्हणाली. "मला वाटलं, दादाला आठवत असेल."

"याला काय आठवतंय!" आई म्हणाली. "गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करतो. घरातलं दार कुठल्या बाजूला उघडतं विचारा, सांगता यायचं नाही."

दादा स्क्रूड्रायव्हर शोधायला गेला. आदल्या दिवशी बाळाचा पलंग जोडून झाल्यावर त्यानं तो कुठंतरी ठेवला होता. पलंग जोडताना एक स्क्रू उरला होता, आणि 'कंपनी एक जास्तीचा देतेच' असं त्यानं इतक्या ठामपणे सांगितलं होतं की तेव्हापासून घरातला प्रत्येक जण येता-जाता त्या पलंगाला हलवून बघत होता.

सगळ्या घरात सकाळचं ऊन फक्त याच खोलीत यायचं, म्हणून तिला उन्हाची खोली म्हणायचे. इतकी वर्षं ती ठकूची होती. तिथं ती पडदे शिवायची, सोफ्याची कव्हरं शिवायची आणि रात्री कापडाचे तागे बाजूला सारून तिथंच झोपायची. तिशी गाठण्याआधीच नवऱ्यानं तिची ट्रंक दाराबाहेर आणून ठेवली होती. ती उचलून ठकू माहेरी आली ती या खोलीत. आता चाळिशी जवळ आली तरी घरात ती ठकूच होती. खरं नाव फक्त गिऱ्हाइकांना माहीत.

वहिनीची चाळिशी तर केव्हाच उलटून गेली होती, आणि तेव्हा, म्हणजे सगळ्यांनी तो विषय बोलायचा सोडून दिल्यावर, तिला दिवस गेले होते. बातमी कळली त्या दिवशी घर खुळ्यासारखं हसत होतं. आणि मग जेवताना सगळे एकाएकी गप्प झाले होते, कारण बाळाला कुठली खोली हे प्रत्येकाच्या मनात आलं होतं आणि बोलायला कोणाची जीभ रेटत नव्हती. तेव्हा ठकूच म्हणाली होती, "बाळाला उन्हाची खोली द्यायची. माझी मशीन काय, कुठंही बसते."

सगळ्यांना तिचे पाय धरावेसे वाटले होते. मशीन पुढच्या खोलीत खिडकीजवळ ठेवायची असं ठरलंही होतं. त्याप्रमाणे काल दोन भिंती रंगवून झाल्या. दुकानात फिकट पिवळा म्हणून निवडलेला रंग भिंतीवर चढल्यावर चांगलाच भडक निघाला, पण वहिनीला तो आवडला. "बाळाला घर सापडायला बरं," ती म्हणाली होती.

तिसऱ्या भिंतीसाठी मशीन हलवायला हवी होती. म्हणून हा सगळा खटाटोप.

तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं. आईनं उघडलं. दारात एक दणकट, हसतमुख माणूस उभा होता.

"पडदेवाल्या ताई इथंच राहतात ना? टेम्पो आणलाय. दुपारी बोलावलं होतं त्यांनी, पण म्हटलं एक फेरी लवकर आटपली, तर बघून यावं."

"टेम्पो कशाला?" आई म्हणाली.

"मशीन न्यायचीय ना. आणि कापडं. चपलांच्या दुकानाच्या वरची खोली, तीच ना?"

आत ठकूच्या हातातला पडद्यांच्या कड्यांचा डबा सुटला. कड्या खळखळत सगळ्या फरशीवर पसरल्या.

हे असं व्हायला नको होतं. तिनं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. दुपारपर्यंत भिंती होतील, मग पडदे लावायचे, पलंगावर गादी घालायची, सगळ्यांना खोलीत बोलवायचं, आणि सगळे खूश असताना सहज सांगून टाकायचं. पंधरवड्यापूर्वी खोली घेतली तेव्हापासून ती मनातल्या मनात हे वाक्य घोकत होती. आता तेच वाक्य एक अनोळखी माणूस दारात उभा राहून बोलून गेला होता, आणि ती स्वतः मशीनच्या मागं अडकली होती.

"ठकू," मशीनच्या वरून आईचा चेहरा दिसला. "काय म्हणतोय हा माणूस?"

"आई, मी आज सांगणारच होते."

"काय सांगणार होतीस?"

"मी तिकडं राहायला जातेय. कामही तिथंच करीन. जागा चांगली आहे, खाली बाजार आहे. गिऱ्हाइकांना बरं पडेल."

आईनं सुनेकडं पाहिलं. वहिनी खिडकीपाशी स्टुलावर बसली होती, एक हात पोटावर, दुसऱ्या हातात रंगाचा ब्रश.

"झालं समाधान, सूनबाई?" आई म्हणाली. "मूल अजून यायचंय, आणि पोरीला घराबाहेरची वाट दाखवून झाली."

"आई!" दादा स्क्रूड्रायव्हर घेऊन आला होता तो तिथंच थांबला. "तिला कशाला बोलतेस? तिला तरी कुठं माहीत होतं?"

"तुला होतं का?"

"मला? मला काहीच माहीत नसतं या घरात."

"तेच म्हणतेय मी! बहीण घर सोडून चालली आणि भावाला पत्ता नाही."

मामांनी खुर्ची ओढली. ते कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त होऊन जमाना झाला, पण घरात दोन माणसं जरा मोठ्यानं बोलली की ते मधे खुर्ची टाकून बसत आणि दोन्ही बाजू ऐकून घेत. निकाल मात्र आजवर एकही दिला नव्हता. "अक्का, तू आधी शांत हो. एकेकानं बोला. खोली द्यायचा विषय पहिल्यांदा काढला कोणी?"

"मीच," ठकू म्हणाली.

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्याच नाही, मामा."

"पण कोणाच्या मनात असल्याशिवाय..."

"मामा, मला कोणी घालवत नाहीये. मी जातेय."

"परिणाम एकच की गं पोरी. फरक काय दोन्हींत?"

ठकूनं आजवर मामांना उलट उत्तर दिलं नव्हतं. खरं तर या घरात तिनं कोणालाच दिलं नव्हतं. पण आता ते आपसूक तोंडून निघालं.

"पुष्कळ फरक आहे. घालवलेल्या माणसाचं सामान दुसरं कोणीतरी दाराबाहेर आणून ठेवतं. माझं ठेवलं होतं एकदा. आजचं माझं मी बांधलंय."

मामांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. आई पदर तोंडाशी लावून स्वयंपाकघरात निघून गेली. दारातला टेम्पोवाला अवघडून म्हणाला, "मी खाली थांबतो. घाई नाही." पण दादानं त्याला हाताला धरून बसवलं. "बसा हो. तुम्हीच एकटे सगळं माहीत असलेले दिसताय." आणि तो दाराच्या बिजागऱ्या खोलायला लागला. पण स्क्रूंवर रंगाचे थरच्या थर चढले होते. एकही हलेना.

तेवढा वेळ दोघी आतच होत्या. ठकू खाली बसून कड्या गोळा करायला लागली. वहिनीकडं बघायची तिला हिंमत होत नव्हती. आईचं बोलणं वहिनीच्या जिव्हारी लागलं असणार, आणि ते आपल्यामुळं. ज्या बाईनं आपल्याला कधी एक प्रश्न विचारला नाही, तिला आज आपल्यापायी हे ऐकून घ्यावं लागलं.

तो दिवस तिला आताही डोळ्यांसमोर दिसत होता. ट्रंक घेऊन ती जिन्यात उभी होती. बेल वाजवायला हात उचलत नव्हता. दार वहिनीनंच उघडलं होतं, बाहेर जायला निघाल्यासारखं. तिनं ठकूकडं पाहिलं, ट्रंकेकडं पाहिलं आणि म्हणाली, "आत ये, चहा टाकते." बस्स. का आलीस नाही, किती दिवस राहणार नाही. त्या एका चहावर ठकू इतकी वर्षं जगली होती. म्हणून ती सगळ्यांच्या शेवटी आंघोळीला जायची. ताटात पडेल ते खायची. वहिनीनं लावलेलं गाणं नको वाटलं तरी ऐकायची. बाजारात चांगलं कापड दिसलं की आधी वहिनीच्या खिडक्यांचा विचार करायची. उपकार फिटायचे नाहीत हे तिला माहीत होतं, पण निदान आपलं वजन तरी जाणवू नये असं तिला वाटायचं.

"वहिनी, चुकलंच माझं," ती खाली बघूनच म्हणाली. "आधी तुला सांगायला हवं होतं. पण तू जाऊ दिलं नसतंस."

"खरंय. नसतंच जाऊ दिलं."

"आई बोलली ते मनावर घेऊ नकोस."

"त्यांचं मी मनावर घेत बसले असते तर केव्हाच वेडी झाले असते." वहिनीनं ब्रश डब्यात ठेवला. "मला एक सांग. तुला खरंच जायचंय? की बाळ येतंय, आपली अडचण नको, म्हणून चाललीस?"

ठकूनं कडी बोटात फिरवली. खरं उत्तर द्यायचं तर ते कृतघ्नपणाचं वाटेल अशी तिला भीती होती.

"आधी अडचणीचंच होतं मनात," ती म्हणाली. "म्हणून जागा बघायला गेले. आणि ती खोली बघितली ना वहिनी, तर... काही नाही तिथं. एक मोरी, एक खिडकी. पण मी तिथं मधोमध उभी राहिले आणि मला वाटलं, इथं मी माझी मशीन आडवी ठेवीन. नाहीतर तिरकी. कोणाला विचारायचं नाही. मग घरी आले तर तेच डोक्यात. मला खरंच जायचंय गं. वाईट वाटतंय मला असं वाटण्याचं."

बाहेर दादा बिजागरीवर तेल सोडत होता आणि टेम्पोवाला त्याला सांगत होता की तेल नको, आधी रंग खरवडा.

"तू आलीस ना त्या दिवशी," वहिनी म्हणाली, "दार मी का उघडलं होतं माहितीय?"

"बेल... नाही, बेल वाजवली नव्हती मी."

"मी निघाले होते. कायमची. बॅग दाराच्या मागं होती. तू आत आलीस तेव्हा ती मी पायानं पलंगाखाली सारली."

ठकूनं गोळा केलेल्या कड्या खाली ठेवल्या.

"कोणाला माहीत नाही. तुझ्या भावालाही नाही. तेव्हा हे घर कसं होतं तुला ठाऊक नाही. मूल होत नव्हतं. आई माझ्याशी बोलायच्या नाहीत, नुसत्या उसासे टाकायच्या. हा कामावरून यायचा, जेवायचा, भिंतीकडं तोंड करून झोपायचा. दिवसदिवस घरात भांड्यांशिवाय कशाचा आवाज नाही. एका गावात औषधांच्या दुकानात काम मिळत होतं. म्हटलं, जावं. दार उघडलं तर समोर तू. पायात चप्पल नाही, चेहरा हा असा. म्हटलं, हिचं जरा मार्गी लागू दे, मग जाऊ."

"मग?"

"मग काय! तुझं कुठलं मार्गी लागतंय!"

दोघी एकदम हसल्या. हसता हसता ठकूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना.

"तू त्या पहिल्या महिन्यात आईंना गादीचं कव्हर शिवून दिलंस, उलटं," वहिनी म्हणाली. "नक्षी आत आणि शिवण बाहेर. आई किती हसल्या! त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. मग हा पण हसायला लागला. घरात आवाज आला. मला कळलंच नाही मी जायचं कधी विसरले ते. आणि तू मात्र इतकी वर्षं माझ्याकडं अशी बघतेस, जशी काही मी तुला पुरातून बाहेर काढलंय. अगं, पुरात दोघी होतो. कोणी कोणाला काढलं याचा हिशेब कोण करणार?"

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी माझ्याशी भांडलीस? एकदा तरी? भांडली असतीस तर रागाच्या भरात सांगितलंही असतं. पण तू पाहुण्यासारखी राहिलीस. पाहुण्याला कोण सांगतं घरचं?" वहिनीनं तिचा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला. आतून एक चांगलीच लाथ बसली. "हे बघ, हिलाही पटतंय. जा तू. मला काय वाटायचंय ते वाटेल, रडेन दोन दिवस. पण तिकडं स्वतःच्या घरात राहा, आणि इथं ये ती पाहुणी म्हणून नको. मला घरचं माणूस पाहिजे. मी या वयात एकटी काय काय निभावू?"

"हिला? कशावरून हिला?"

"मला वाटतं तसं. मुलगा निघाला तर त्याला म्हणेन, माफ कर बाबा."

तेवढ्यात धाडकन आवाज झाला आणि दार चौकटीतून निघालं. दादा, टेम्पोवाला आणि मामा तिघंही दारासकट भिंतीला टेकले. मशीन बाहेर सरकली. आणि त्या मोकळ्या चौकटीत आई उभी होती. हातात चहाचे कप, डोळे लाल. तिनं कितपत ऐकलं होतं हे कोणालाच कधी कळलं नाही. ती आत आली, कप खिडकीत ठेवले, कोपऱ्यातलं दुसरं स्टूल सुनेपुढं सरकवलं आणि म्हणाली, "पाय वर घे. सुजलेत. सकाळपासून लोंबकळत ठेवलेस."

वहिनीनं पाय वर घेतले.

"मी तोंडाची फटकळ आहे," आई भिंतीकडं बघत म्हणाली. "तुला ठाऊकच आहे."

"आहेच ठाऊक," वहिनी म्हणाली. "चहात आलं घातलंत का?"

"घातलंय."

सासू-सुनेत आजवर झालेली ही सगळ्यात मोठी दिलजमाई होती. मामांनीही ती ओळखली असावी, कारण त्यांनी आपली खुर्ची गुपचूप भिंतीशी नेऊन ठेवली.

मग कामाला जोर आला. टेम्पोवाल्यानं शर्ट काढून ठेवला आणि न सांगता छताजवळचा भाग रंगवायला घेतला. त्याचा हात सगळ्यांत उंच पोचत होता. दादानं खालचा भाग केला. मामांना खिडकीच्या चौकटीवर कागद चिकटवायचं काम दिलं. ते त्यांनी इतक्या निगुतीनं केलं की काचेवर एक थेंब पडला नाही. वहिनी स्टुलावरून हुकूम सोडत होती. ठकूनं गादीचं कव्हर चढवलं. या वेळी नक्षी बाहेर होती, आणि आईनं ती हात फिरवून तपासून घेतली.

रंग सुकल्यावर ठकूनं पडदे लावले. दुहेरी पडदे होते. आतला जाड, बाळाला दुपारी झोपवायचं तेव्हा ओढायला. बाहेरचा विरळ, पांढरा, त्यातून सकाळचं ऊन नुसतं गाळून यावं असा. खालच्या काठावर तिनं बारीक टाक्यांनी पक्षी काढले होते, प्रत्येक पक्षी वेगळा. ते काढायला तिला कित्येक संध्याकाळी लागल्या होत्या. दादा वाकून एकेक पक्षी बघत राहिला. त्याला बोलता फारसं यायचं नाही. तो उठला आणि बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझ्या खोलीतली वायरिंग बघितलीस का? जुनी असेल. उद्या येतो मी." आणि लगेच पलंग हलवून बघायला लागला. पलंग हलला नाही.

"बघितलंत?" तो म्हणाला. "म्हटलं नव्हतं, जास्तीचा देतात?"

मशीन टेम्पोत चढली. तागे चढले. ठकू बसायला गेली तर पुढच्या सीटवर आधीच वहिनी.

"अगं, तू कुठं? तिथं जिना आहे!"

"हळूहळू चढेन. माझ्या नणंदेचं घर मी बघायचं नाही होय?"

वहिनी निघाली म्हटल्यावर दादा निघाला. दादा निघाला म्हटल्यावर मामांना एकट्यानं घरी थांबवेना. आई शेवटी आली, तोंड वाकडं करून, आणि ताग्यांवर बसली.

खोली खरंच रिकामी होती. दुपारचं ऊन कलतं झालं होतं. खालून चामड्याचा आणि गोंदाचा वास वर येत होता. मशीन कुठं ठेवायची हे पुरुषांनी विचारल्यावर ठकूनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "तिरकी." त्यांनी ती तिरकी ठेवली. कोणी का म्हणून विचारलं नाही.

आई दारातच उभी होती. ठकूच्या लक्षात आलं, ती आत बोलावण्याची वाट बघतेय.

"आई, ये ना. बस."

आई आत आली. बसायला काही नव्हतं म्हणून एका ताग्यावर बसली. ठकूनं पाणी दिलं. ते ती सावकाश प्यायली आणि तिनं खोलीवरून नजर फिरवली. मोरी बघितली, खिडकी बघितली, दाराची कडी लावून बघितली. ती लागली. मग म्हणाली, "जागा बरी आहे. माझी एक उशी ठेव इथं."

"उशी?"

"मग! बाळ रात्र रात्र रडायला लागलं की मी कुठं जाऊ झोपायला? त्या घरात आता दारसुद्धा नाही खोलीला. मी इकडं येणार."

काहीतरी बोलायला हवं म्हणून ठकू म्हणाली, "मऊ करू की कडक?"

"कडक," आई म्हणाली. "इतकी वर्षं एका घरात राहिलीस आणि हे तुला माहीत नाही?"

"नव्हतं माहीत," ठकू म्हणाली. "तू कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस कधी?"

"तू मऊ उशीवर झोपत होतीस की रोज! ती मीच शिवलेली! मला काय स्वप्न पडणार होतं?"

आवाज चढला होता. जिन्यावर धापा टाकत उभ्या असलेल्या वहिनीनं तो ऐकला, आणि कठडा धरून, पोट सांभाळत, ती मोठमोठ्यानं हसायला लागली.